नाव छापू, पैसे नाहीत : फोटोग्राफरांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बऱ्याचशा प्रश्नांचं दुखणं एकच आहे. कुणाला तरी फोटो हवाय आणि पैसे सोडून बाकी सगळं द्यायची त्यांची तयारी आहे. सरळ प्रश्नांकडेच वळू.

प्रश्न : एका पर्यटन मासिकाला माझा डोंगराचा फोटो मुखपृष्ठासाठी हवा आहे. ‘बजेट नाही, पण तुमचं नाव नक्की देऊ, आमचा वाचकवर्ग मोठा आहे,’ असा मेल आलाय. नाही म्हटलं तर संधी हातची जाईल अशी धास्ती वाटते. काय उत्तर देऊ?

आधी नावाचं बघू. नाव छापणं ही त्यांची मेहरबानी नाही. कलाकृतींच्या हक्कांबाबतचा बर्न करार १८८६ मधला. १९२८ च्या दुरुस्तीत त्यात कर्त्याचा एक वेगळा हक्क आला : हे काम माझं आहे असं सांगण्याचा. पैशांचे हक्क विकून टाकले तरी तो उरतो. जगातले बहुतेक देश या करारात आहेत. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, अमेरिकेत तर फोटोंच्या बाबतीत हा हक्क फारच आखूड आहे, पण तत्त्व मान्य झालेलं आहे. म्हणजे जे मुळात तुमचंच आहे, तेच तुम्हाला देऊन हे लोक हिशेब चुकता करू बघतायत.

आता त्या ‘मोठ्या वाचकवर्गा’कडे येऊ. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आठवतंय? २००१ नंतर कित्येक वर्षं जगभरातल्या असंख्य संगणकांवर तो फोटो होता. इतक्या डोळ्यांखालून गेलेले फोटो फार थोडे असतील. काढणाऱ्याचं नाव तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारून बघा. चार्ल्स ओरिअर. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात गाडी थांबवून काढलेला तो फोटो त्यांनी एजन्सीकडे ठेवला होता आणि मायक्रोसॉफ्टने पैसे मोजून त्याचे हक्क घेतले. ओरिअर यांच्या हाती पडली ती रक्कम. प्रसिद्धी टेकडीला मिळाली.

घरात त्या मासिकाचा जुना अंक असेल तर काढा आणि मुखपृष्ठाच्या फोटोचं क्रेडिट शोधा. बहुधा ते आतल्या पानावर, संपादक मंडळाच्या यादीखाली, पत्त्याच्या आणि वर्गणीच्या मजकुराला खेटून, बारीक टायपात सापडेल. आतल्या फोटोंची नावं कडेला उभी लावलेली असतात आणि निम्मी बाइंडिंगच्या घडीत गडप झालेली. ती वाचून, नाव लिहून घेऊन, तुमचा नंबर शोधून काम देणारा माणूस असतो, नाही असं नाही. पण त्याच्या भरवशावर कॅमेऱ्याचा हप्ता फिटत नाही.

उत्तर देताना एक टाळा. ‘प्लंबरला पण असंच फुकट बोलावता का?’ हा टोमणा आपल्या मंडळींचा फार लाडका आहे. टाळ्या मिळतात, पैसे मिळत नाहीत. मेल लिहिणारा बहुतेक वेळा नवखा सहायक असतो, त्याला शून्य बजेट सांगून बसवलेलं असतं आणि तुमचा टोमणा त्याच्यापुढे सरकतच नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘फोटो आवडल्याचं कळवलंत, आनंद वाटला. मुखपृष्ठावर एका अंकापुरत्या वापराचं माझं मानधन इतकं आहे. त्यात छापील आणि डिजिटल आवृत्ती दोन्ही येतात. तुमच्याकडे यासाठी तरतूद कोण ठरवतं ते कळवलंत तर त्यांच्याशी बोलेन.’ बस्स. रागाचा शब्द नाही, माफीचाही नाही. आकडा मात्र हवाच. आकडा नसलेला नकार म्हणजे रुसवा वाटतो, आकडा दिला की व्यवहार सुरू होतो. पुष्कळदा ‘बजेट नाही’ याचा अर्थ ‘अजून कुणी मागितलं नाही’ एवढाच निघतो.

तरीही नाही म्हणाले, तर जाऊ द्या. ज्या टेबलावर तुमची नोंद ‘फुकट देतो’ अशी झाली, तिथून पैशाचं काम आलं की ते दुसऱ्या कुणाकडे जातं. तुमची आठवण पुन्हा फुकटच्या वेळीच होते.

प्रश्न : मावसबहिणीचं लग्न आहे. ‘तू आहेसच की, वेगळा फोटोग्राफर कशाला?’ असं मावशी म्हणतेय. नात्यात पैसे मागायला जीभ रेटत नाही.

मग मागू नका. पण पाहुणी म्हणून जायचं की कामाला, हे आजच ठरवा आणि मावशीला सांगा. आहेर म्हणून फोटो द्यायचे असतील तर आहेरालाही माप असतं : अमुक एवढे तास, अमुक एवढे फोटो, अल्बमचा खर्च त्यांचा. भीड ही भिकेची बहीण, हे मावशीलाही ठाऊक असेल. लग्नानंतर तीन महिने ‘फोटो कधी देतेस?’ हे ऐकण्यापेक्षा आधी पाच मिनिटं अवघडलेलं परवडतं.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीच्या फोटो स्पर्धेत भाग घ्यायचाय. प्रवेश फी नाही, बक्षीस चांगलं आहे. मित्र म्हणतो, नियम वाच. वाचले, पण त्या वकिली भाषेतून काही कळलं नाही.

मित्र शहाणा आहे. तुम्ही पाठवलेल्या नियमांत सगळा खेळ एका वाक्यात आहे : प्रवेशिका पाठवताच आयोजकांना तो फोटो ‘कायमस्वरूपी, अपरिवर्तनीय, विनामोबदला, जगभरात, कोणत्याही माध्यमात वापरण्याचा आणि तो हक्क इतरांना देण्याचा’ परवाना मिळतो. एकेक शब्द सोलून बघा. ‘कायमस्वरूपी’ म्हणजे स्पर्धा विसरली गेल्यावरही. ‘अपरिवर्तनीय’ म्हणजे तुमचं मन बदललं तरी सुटका नाही. ‘कोणत्याही माध्यमात’ यात जाहिरातीचा फलक आला आणि खोक्यावरचं चित्रही आलं. ‘इतरांना देण्याचा’ म्हणजे त्यांच्या जाहिरात संस्थेलाही तुम्हाला विचारायची गरज नाही. आणि हे फक्त विजेत्यांना लागू नाही, प्रत्येक प्रवेशिकेला आहे.

आता आयोजकाच्या खुर्चीत बसून हिशेब करा. दोन-तीन बक्षिसांच्या पैशात, पाठवणाऱ्यांनी आपणहून निवडून, नीट करून दिलेल्या फोटोंचं भलंमोठं कपाट भरून मिळतं. असाच संग्रह बाजारभावाने उभारायचा तर किती लागतील? जे हरले त्यांनी ही स्पर्धा चालवली, असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्याच स्पर्धा अशा नसतात. बऱ्या स्पर्धेच्या नियमांत वापर ‘या स्पर्धेच्या आणि प्रदर्शनाच्या प्रसिद्धीपुरता’ असतो, त्याला मुदत असते, फोटोसोबत नाव येतं आणि कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहील असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र या शेवटच्या वाक्यावर भाळू नका. कॉपीराइट तुमच्याकडे ठेवूनही वर सांगितलेला परवाना घेता येतो. घराची कागदपत्रं तुमच्या कपाटात आणि चावी गावभर, अशातली गत. तुमच्या स्पर्धेत मी भाग घेणार नाही. घ्यायचाच असेल तर जो फोटो गेला तरी चुटपुट लागणार नाही, तो पाठवा. तसा फोटो जिंकेल का, हा प्रश्न आलाच.

प्रश्न : माझा इन्स्टाग्रामवरचा फोटो एका ब्रँडने न विचारता स्वतःच्या पेजवर टाकला. जाब विचारला तर म्हणाले, ‘पब्लिक पोस्ट होती, आणि तुम्हाला टॅग केलंय की!’ खरंच काही करता येत नाही का?

येतं. डॅनिएल मोरेल यांचं प्रकरण यासाठीच लक्षात ठेवावं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा हे फोटोग्राफर तिथेच होते. त्यांनी फोटो ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच कुणी ते आपल्या खात्यावर चढवले, तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला वापराची मुभा होती, असा एएफपीचा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. फोटो टाकताना आपण त्या मंचाला परवाना देतो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला देत नाही.

एम्बेड करण्याचं, म्हणजे फोटोची प्रत न करता मूळ पोस्टच आपल्या पानावर दिसेल असं जोडण्याचं, प्रकरण थोडं निसरडं आहे. स्टेफनी सिंक्लेअर या छायापत्रकाराकडे मॅशेबल या संकेतस्थळाने ५० डॉलरमध्ये फोटो मागितला. त्यांनी नकार दिला. तेव्हा मॅशेबलने त्यांची इन्स्टाग्राम पोस्टच लेखात एम्बेड केली. एप्रिल २०२० मध्ये न्यायाधीशांनी सिंक्लेअर यांचा दावा फेटाळला, दोनच महिन्यांत तोच निर्णय मागे घेऊन खटला पुन्हा उभा केला, आणि इन्स्टाग्रामनेही आपल्या अटींत तसा परवाना दिलेला नाही असं सांगितलं. तुमच्या ब्रँडने तर एम्बेडही केलेलं नाही, फोटो उचलून आपल्या पेजवर चढवलाय. त्यांची बाजू आणखी लंगडी आहे.

करायचं काय? चारचौघांत बोभाटा करण्याआधी पुरावा गोळा करा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल, जपून ठेवा, कारण इन्स्टाग्रामवरून डाउनलोड केलेल्या प्रतीत कॅमेऱ्याची माहिती सहसा उरत नाही आणि रॉ फाइल फक्त तुमच्याकडे असते. मग मेल, आणि मेलला जोडून बिल. ‘फोटो काढून टाका’ एवढंच लिहिलं तर ते काढतील आणि विषय संपेल. वापर झालेला आहे, त्याचे पैसे लागतात. कंपनीच्या हिशेब खात्याला राग कळत नाही, बिल कळतं. मोठा ब्रँड असेल आणि मेलला दाद देत नसेल तर वकिलाची एक नोटीस पाठवा.

जाता जाता : ‘मस्त फोटो! आम्हाला वापरू द्याल? होय असेल तर हॅशटॅग येस लिहा’ अशा कमेंटखाली बहुधा अटींच्या पानाचा दुवा असतो. तो उघडून वाचा. स्पर्धेबद्दलच्या उत्तरात जे वाक्य सोललं, तेच तिथेही भेटेल.

प्रश्न : प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोटो फुकट द्यायची माझी मनापासून इच्छा आहे. पण तुमचे लेख वाचून आता गुन्हा करतोय असं वाटायला लागलंय!

अहो, द्या की! फुकट देण्याला माझा विरोध नाही, फुकट काढून घेण्याला आहे. मात्र देताना व्यवहारासारखंच द्या. बिल बनवा, पूर्ण रक्कम लिहा, खाली शंभर टक्के सूट दाखवा, देय रक्कम शून्य. सोबत दोन ओळींचा परवाना : कोणते फोटो, कशासाठी, किती काळ, आणि तिसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. संस्थेच्या कार्यकारिणीत पुढच्या वर्षी नवी माणसं येतात, त्यांना तुमच्या मोठ्या मनाची गोष्ट कुणी सांगत नाही. फाइलमधला कागद सांगतो. आणि एकदा विचारून घ्या, डिझायनर आणि छापखाना यांना पैसे दिले जातायत का. सगळेच फुकट राबत असतील तर तुम्हीही राबा. तुम्ही एकटेच असाल तर बोलायला जागा आहे.

पैशाऐवजी दुसरं काही मागता येतं हेही ध्यानात ठेवा. बाहेरच्यांना बंद असलेल्या पुनर्वसन केंद्रात आठवडाभर फोटो काढायची परवानगी ही रोख रकमेपेक्षा मोलाची असू शकते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरलेल्या अटींवर कुणालाही फोटो फुकट वापरू देणारा तयार परवाना लावायचा विचार असेल तर एवढंच : तो दिला की मागे घेता येत नाही. उद्यापासून लावणं थांबवता येतं, पण ज्यांनी आधी घेतला त्यांचा हक्क कायम. अटींत ‘व्यावसायिक वापर नाही’ हा पर्याय असतो, तो न लावता सोडलेला फोटो कुठल्याही उत्पादनावर दिसला तर तक्रारीला वाव नाही.

प्रश्न : मी अगदीच नवी आहे. कुणी ओळखत नाही. फुकट केल्याशिवाय सुरुवात तरी कशी होणार?

फुकट करा, पण स्वतःसाठी. विषय तुमचा, वेळ तुमचा, फोटो तुमचे. एका मॉडेलसोबत असं काम करा की ती वेळ देईल, तुम्ही वेळ द्याल आणि फोटो दोघींच्या पोर्टफोलिओत जातील. यात पैसे कुणालाच नाहीत, म्हणून हा सौदा बरोबरीचा. बाजूला कपड्यांचा ब्रँड उभा असेल आणि ते फोटो त्याच्या कॅटलॉगमध्ये जाणार असतील, तर मात्र दोघींना मामा बनवलं जातंय. ‘या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या कामात भरून काढू’ हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकू येईल. त्यावर म्हणायचं, ‘या वेळी पूर्ण द्या, पुढच्या वेळी सूट देईन.’ खरा गिऱ्हाईक हसून तयार होतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलला माझा फोटो वापरायला दिला. मेलवर फक्त ‘हो, चालेल’ एवढं लिहिलं होतं. आता तोच फोटो भल्यामोठ्या जाहिरात फलकावर दिसला. बोलायला तोंड आहे का?

तुमचं ‘हो’ कशाला होतं यावर सगळं अवलंबून आहे. त्यांचा मूळ मेल शोधा. त्यात ‘आमच्या वेबसाइटसाठी’ असं असेल तर तुमची परवानगी वेबसाइटपुरती, फलक त्याबाहेरचा. नुसतंच ‘तुमचा फोटो वापरू का?’ असेल तर वादाला जागा आहे, पण त्या वेळी बोलणं कशाबद्दल चाललं होतं, हेही पुराव्यात धरलं जातं. व्हॉट्सअॅपवरचं जुनं संभाषणही चाळा. काही सापडलं तर फलकाचा फोटो काढा, आजूबाजूचा रस्ता दिसेल असा, आणि बिलासोबत पाठवून द्या. फलक उतरायच्या आत.