टाइम-स्टेप निम्मा केला, तरी सिम्युलेशन लवकर का फुटतं?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. पाण्यात हलणाऱ्या रबरी पट्टीचं सिम्युलेशन फुटतं, म्हणजे आकडे बेसुमार वाढून ते कोसळतं, आणि टाइम-स्टेप (एका गणनेत वेळ जेवढा पुढे सरकतो तो टप्पा) निम्मा केला की आणखी लवकर फुटतं. शिवाय फ्लुइडचे, म्हणजे पाण्याचं गणित करणारे, प्रोसेसर-कोअर दुप्पट करूनही वेळ निम्मा होत नाही.

आधी फुटण्याचं बघू. इथे दोन सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारे प्रोग्राम, आहेत: फ्लुइडचा पाण्याचा दाब काढतो, सॉलिडचा पट्टी किती सरकते ते काढतो, आणि दोघं एकमेकांना आकडे देतात. या जोडणीला कपलिंग म्हणतात. पट्टी हलताना भोवतालचं पाणीही ढकलते आणि ते पाणी तिच्या वस्तुमानात भर पडल्यासारखं वागतं. हवेतल्या पोलादी पत्र्याला ही भर जाणवतही नाही. रबराची घनता मात्र पाण्याच्या जवळपास असते, म्हणून इथे ही भर पट्टीच्या स्वतःच्या वजनावर मात करते. दाबात जरा चूक झाली की पट्टी जास्त सरकते, पुढचा दाब उलट दिशेने त्याहून मोठा येतो, आणि प्रत्येक देवाणघेवाणीत चूक वाढत जाते. स्टेप लहान केला की तेवढंच सरकणं कमी वेळात होतं, म्हणजे प्रवेग वाढतो. असंपीड्य (दाबून आकारमान न बदलणाऱ्या) प्रवाहात दाब प्रवेगामागे जातो, म्हणून दाबातली चूकही वाढते. पट्टीचा कडकपणा एरवी थोडा आवर घालतो, पण इतक्या लहान स्टेपमध्ये जडत्वापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे स्टेप आणखी कमी करण्यात वेळ घालवू नका, कपलिंग इम्प्लिसिट करा: त्याच स्टेपमध्ये दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालवायचे, इंटरफेसवरचा, म्हणजे पट्टी आणि पाण्याच्या सीमेवरचा, फरक मिटेपर्यंत. एटकेन रिलॅक्सेशनने (प्रत्येक फेरीतला बदल जुळवून घेत कमी-जास्त लागू करण्याची पद्धत) सुरुवात करा, पण इतक्या जवळच्या घनतांना माझी पसंती क्वासी-न्यूटनलाच (आधीच्या फेऱ्यांवरून पुढचा अंदाज बांधणारी पद्धत). प्रीसाइस या सॉल्व्हर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आहेत.

स्वतःच्या भूमितीआधी २००६ चा ट्युरेक-ह्रॉन बेंचमार्क, म्हणजे उत्तरं ताडून बघायची प्रमाणित चाचणी, चालवाच. सिलिंडरमागे ०.३५ मीटर लांब, ०.०२ मीटर जाड लवचीक पट्टी. त्यातल्या एफएसआय-२ या चाचणीत (एफएसआय म्हणजे द्रव आणि घन यांची परस्परक्रिया) घन पदार्थाची घनता द्रवाच्या दहापट आहे, एफएसआय-३ मध्ये दोन्हींची घनता सारखी. एफएसआय-३ जमली, की तुमच्या रबराची भीती नाही.

आता वेग. तुमचं कपलिंग सीरियल आहे: एक सॉल्व्हर चालतो, दुसरा थांबतो. समजा फ्लुइडला ९ सेकंद लागतात, सॉलिडला ३. एकूण १२. फ्लुइडचे कोअर दुप्पट केले, तर अगदी आदर्श स्थितीतही ४.५ अधिक ३, म्हणजे ७.५. ते ३ सेकंद तुमचे महागडे कोअर नुसते बसून असतात. पॅरलल कपलिंगमध्ये दोघं एकाच वेळी चालतात. तिथे इटरेशन, म्हणजे एका स्टेपमधल्या फेऱ्या, थोडी वाढतात, म्हणून क्वासी-न्यूटन सोबत हवाच. मग कोअर असे वाटा की दोघं साधारण एकदमच संपतील. त्यासाठी लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये) कोण कोणासाठी किती थांबलं, तो आकडा आधी बघा.