सेंद्रिय भाजीला जास्तीचे पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: "मुंबईत सेंद्रिय भाजी दीडपट-दुप्पट भावाने मिळते. तिने तब्येतीला खरंच फायदा होतो, की नुसतं फॅड आहे?"

फायदा होतो. पण तो सगळ्यात आधी भाजी पिकवणाऱ्याला होतो, खाणाऱ्याचा नंबर नंतर लागतो. मुंबईत सगळे स्वतःच्या पोटाचंच विचारतात, म्हणून मी लिहायला बसले.

मी मुलुंडला राहते. माझं माहेर नारायणगावच्या बाजूला, टोमॅटोच्या पट्ट्यात. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. दादा उन्हात टोमॅटोवर औषध मारत होता. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. तोंडाला रुमालसुद्धा नाही. तेव्हा कुणीच बांधत नसे. दुपारी घरी आला तो दरदरून घामाने भिजलेला, तोंडातून लाळ गळतेय, उलट्या होतायत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आई अंगारा शोधत होती. वहिनीने मात्र शेतात पळत जाऊन औषधाची बाटली उचलून आणली, आणि तिच्या त्या एका शहाणपणाने माझा भाऊ वाचला. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि लगेच त्या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, सुरू केलं. बाटलीवर लाल त्रिकोण होता. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एवढी औषधं विकत आणली, पण दुकानदाराने हे एकदाही सांगितलं नव्हतं.

दादा घरी आला तो थेट म्हणाला, "अर्धा एकर तरी बिनविषाचा करणार." पहिल्या वर्षी फळ पोखरणाऱ्या अळीने निम्मा माल खाल्ला. उरलेले क्रेट मार्केटला नेले तर व्यापाऱ्याने किडका माल म्हणून भाव पाडला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण दादा हटला नाही. पुढच्या हंगामात त्याने टोमॅटोच्या कडेने झेंडू लावला, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे टांगले, निंबोळी अर्क फवारला. जमिनीला घरीच आंबवलेलं खत, म्हणजे जीवामृत, द्यायला लागला. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. लागवडीआधी ताग पेरून फुलोऱ्यात येताच हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडायचा. दोन-तीन वर्षांनी जमीन बदलली. पाऊस थांबल्यावर आमच्या रानात शेजारच्यांच्या आधी वाफसा येतो, म्हणजे माती कामाजोगी होते. पायाखाली माती भुसभुशीत लागते. खतं-औषधांची दुकानातली उधारी मिटली. आज विचारलंत तर दादा सेंद्रियचा फायदा म्हणून आधी या उधारीचंच नाव घेईल.

आमचे थोरले भाऊजी मात्र कधी पटवून घेत नाहीत. प्रत्येक सणाला पंगतीत विषय निघतोच. "सेंद्रिय म्हणजे श्रीमंतांचे चोचले. सगळ्यांनी असं केलं तर देश उपाशी मरेल. श्रीलंकेचं काय झालं बघा." थोरल्या दिरांपुढे मी कधी वाद घातला नाही. आज इथे घालते.

भाऊजी, श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी घातली आणि त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. घाईने माती सुधारत नाही. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं, तेरा वर्षं घेऊन. उत्पन्न कमी येतं, हे मला मान्य. पण फवाऱ्याचा हिशेब तुम्ही कुठे धरता? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ती कुठल्या ताळेबंदात लिहिली? स्वस्त भाजीतला उरलेला खर्च शेतकऱ्याचं अंग भरतं. आणि चोचल्यांचंच बोलायचं तर परदेशी किवी-सफरचंदाला दुप्पट भाव देताना कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. दादाच्या मेथीच्या जुडीलाच का पडते?

आता तुमच्या तब्येतीचं. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचा अंश कमी असतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जीवनसत्त्वं जास्त असतात असा ठाम पुरावा २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात मिळाला नाही. २०१४ च्या दुसऱ्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. तेव्हा सेंद्रिय खाऊन आजार बरे होतात असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका. सेंद्रिय म्हणजे फवाराच नाही, असंही नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं. भाजी धुवायचीच, शेणखतावर वाढलेली पालेभाजी तर जास्तच निगुतीने.

पैसे बेताचे असतील तर पालेभाज्या, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, द्राक्षं यांच्यावर आधी खर्च करा. कांदा, केळी, दुधी साल काढूनच खाता, ते नेहमीचे घेतलेत तरी चालेल. स्टेशनबाहेर "गावठी" म्हणून ओरडून विकतात ते सेंद्रियच असतं असं समजू नका. रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक कितीही ताजा दिसला तरी घेऊ नका. पावसाळ्यात मात्र आदिवासी बायका शेवळं, टाकळा, करटोली, कुर्डू घेऊन बसतात, ते जरूर घ्या. रानातल्या भाजीवर कोण फवारायला जातंय? भावात घासाघीस करू नका त्यांच्याशी.

पाकिटावर "जैविक भारत"सारखं सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा. शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट घेत असाल तर पीजीएसचं, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचं, प्रमाणपत्र मागा. त्यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. पीजीएस-ग्रीन लिहिलं असेल तर शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे वळतंय. तोही माल घ्या. किंबहुना तोच आधी घ्या, कारण शेतकऱ्याच्या हातात त्या वर्षांत उत्पन्न कमी आणि भाव साधा, अशी दोन्हीकडून ओढाताण असते. दादाला त्या काळात मुंबईतली चार घरं जरी नेहमीची मिळाली असती, तरी वहिनीला पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या नसत्या. आणि हे भाऊजींना माहीत आहे, कारण त्या सोडवायला पैसे माझ्या ह्यांनीच दिले होते.