स्पीकरवाला कॉर्डलेस लँडलाइन फोन घेताय? आधी आवाज तपासा

भाऊ, आईसाठी फोन घेताय तर रंग, डिस्प्ले सगळं बाजूला ठेवा. दोघं एकदम बोलले की शब्द तुटतात का, ते बघा. स्वस्त सेटमध्ये एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. आपल्या नागपुरात मे महिन्यात कूलर घरघरत असतो, अन् असा फोन त्या घरघरीलाच बोलणं समजून पलीकडच्याचा आवाज दाबून टाकतो. म्हणून सीताबर्डीच्या दुकानात सुरू पंख्याखाली, फोन हातभर लांब ठेवून बोलून बघाच. दुकानदार नाही म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.

सेट डेक्ट (कॉर्डलेस फोनसाठीचं खास बिनतारी तंत्र) तंत्राचा, १.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा घ्या. २.४ वाल्याला वायफायचा अडथळा होतो.

लाइट गेली की बेस, म्हणजे लाइनला जोडलेला खालचा भाग, बंद, म्हणजे फोनही बंद. फायबर असेल तर मोडेमसुद्धा. दोन्हींना छोटा यूपीएस लावा. जुनी तांब्याची लाइन असेल तर एक साधा वायरवाला फोनही जोडून ठेवा, त्याला वीज एक्स्चेंजमधूनच मिळते. आणि हँडसेटमध्ये चार्जिंगचेच सेल टाका, घड्याळातले साधे सेल अजिबात नाही.