रंग न टाकता जिवंत पेशीच्या आतलं कसं दिसतं?

तुमचा प्रश्न असा, की शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकल्याशिवाय धड काही दिसत नव्हतं, मग रंग न वापरता जिवंत पेशीतली चरबी, तंतू वेगवेगळे ओळखतात ते कसे?

मी नाशिकला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याआधी दोन वर्षं अशाच एका सूक्ष्मदर्शकावर काढली. तिथे रंगाचं काम रेणूंच्या अंगच्या गुणावरच भागवतात.

लेझर लागतो तो तुटक प्रकाशाचा. सेकंदाला साधारण ८ कोटी झोत, एकेक शंभरेक फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच क्षणी एकाच जागी पोचले तरच काही घडतं. कुंभमेळ्याच्या पर्वणीला भाविक गावभर असतात, पण खांद्याला खांदा घासतो तो रामकुंडावर. फोटॉनांची जोडीही जमते ती भिंगाच्या केंद्रबिंदूपाशीच, त्यामुळे पेशी न कापता आतला एकेक थर टिपता येतो.

यंत्र जुळवायला आम्ही कच्च्या बटाट्याची पातळ चकती ठेवायचो. आत जातो ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, स्टार्चच्या कणांत दोन फोटॉन जुळून एक होतो, आणि बाहेर निघतो बरोब्बर ४०० चा, जांभळा. पडद्यावर प्रत्येक कण दोन पाकळ्यांसारखा दिसतो. ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहर डोलण्याची, दिशा फिरवली की पाकळ्याही फिरतात. स्नायूबंधातलं कोलॅजन हे तंतूंचं प्रथिनही असंच उजळतं. (१९६१ साली क्वार्ट्झमध्ये हा परिणाम पहिल्यांदा दिसला, तेव्हा फोटोतला ठिपका डाग समजून छापताना पुसला गेला. त्याच्याकडे दाखवणारा बाण तेवढा राहिला!)

चरबीसाठी आपले सी. व्ही. रामन कामी येतात. दोन लेझर घ्यायचे, त्यांच्या वारंवारितेतला फरक कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनाशी जुळवायचा. जिथे चरबी असेल तिथे एका लेझरचा प्रकाश किंचित घटतो, दुसऱ्याचा तेवढाच वाढतो. ही घट मोजत गेलं की थेंब न थेंब दिसतो. १९२८ चा मूळ रामन परिणाम (रेणूच्या कंपनामुळे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलणं) फार क्षीण, चित्र काढायला खूप वेळ खातो. या जोडीमुळे हलती पेशीही टिपता येते.

मात्र रंग नाही म्हणजे इजा नाही, असं समजू नका. मी एकदा द्राक्षाच्या पानावर पॉवर जरा जास्त ठेवली. हरितलवकांनी ती गटकली, बुडबुडा उठला आणि पेशी शिजली. आणि एखादं ठरावीक प्रथिनच शोधायचं असेल, तर चमकणारं लेबल अजून लावावंच लागतं.