तीन दिवसांची सुट्टी, खिशाला सोसेल अशी

ऑगस्टचा शेवटचा सोमवार जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: कुठे जावं, आणि तेही खिसा न फाटता. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये त्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी. त्यानंतर थेट नाताळापर्यंत एकही नाही, त्यामुळे सगळा देश एकदमच घराबाहेर पडतो. यंदाच्या पत्रांतली पाच घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही रेडिंगला राहतो. मुलं पाच आणि नऊ वर्षांची. दर वेळी ट्रेनची तिकिटं बघतो, लॅपटॉप मिटतो आणि शेजारच्या पार्कात जातो. चौघांना परवडेल असं एखादं शहर सांगाल का?

शहर नंतर, आधी तिकीट. या देशात बघायला फारसे पैसे पडत नाहीत, पोचायला पडतात. तुमच्याकडे फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड नाही हे तुमच्या पत्रावरूनच कळतंय. वर्षाला 35 पौंड. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट, 5 ते 15 वयाच्या मुलांच्या भाड्यात 60 टक्के. मुख्य अट ही की बरोबर निदान एक मूल हवं. आता हिशोब करा. एका मोठ्याचं जाऊन-येऊन तिकीट 40 पौंड धरलं, तर एका मुलाचं 20. चौघांचे झाले 120. कार्डावर तेच सत्तरच्या आत येतं. म्हणजे पहिल्याच फेरीत कार्डाचे पैसे वसूल, वर पंधरा पौंड खिशात.

शहर म्हणाल तर ब्रिस्टल. रेडिंगहून सव्वा तासाच्या आसपास. बंदरावरचं एम शेड म्युझियम फुकट आहे आणि बाहेर धक्क्यावर जुन्या अजस्र क्रेन उभ्या आहेत. तिथून क्लिफ्टनचा झुलता पूल. आराखडा अभियंता ब्रुनेलचा, तो 1859 मध्ये गेला आणि पूल 1864 मध्ये खुला झाला. चालत जाणाऱ्याला टोल नाही. पण तुमच्या मुलांना पुलापेक्षा पुलाजवळचा एक खडक जास्त आवडेल. टेकडीवर वेधशाळेच्या बाजूला एक उतरता कातळ आहे. पिढ्यान् पिढ्या पोरं त्यावरून घसरत आली, म्हणून तो तुळतुळीत झालाय, आपल्याकडे देवळाची पायरी होते तसा. जुन्या पँट घाला. आमच्या धाकट्याची नवी जीन्स तिथेच शहीद झाली.

वेळ उरला तर स्टेशनापासून चालत जाता येईल अशा आर्नोस व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. ते 1833 मध्ये ब्रिस्टलमध्येच वारले. समाधीवर चक्क आपल्याकडच्यासारखी दगडी छत्री आहे. ओळीने उभ्या असलेल्या क्रूसांमध्ये ती दिसली की नऊ वर्षांचं मूल आपणहून प्रश्न विचारतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. रुळांच्या दुरुस्तीची मोठी कामं इथे मुद्दाम बँक हॉलिडेला काढतात, कारण ऑफिसला जाणारे घरी असतात. एकदा तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी न बघता घेतलं आणि दीड तासाचा प्रवास ‘बदली बस’मधून साडेतीन तासांत केला. डब्यातल्या दहीभाताचं काय झालं ते विचारू नका. नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर या कामांची यादी असते. ती आधी, तिकीट नंतर.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून आलेत. वय 68 आणि 72, आईचे गुडघे दुखतात. बाबा प्रत्येक किमतीला मनातल्या मनात शंभराने गुणतात आणि ‘आपण बाहेरूनच बघू’ म्हणतात. त्यांना लंडन एका दिवसात कसं दाखवू? बाबांना टिळक-आंबेडकरांशी जोडलेल्या जागाही बघायच्यात.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार कळवा, ‘बाहेरूनच बघू’ हे लंडनमध्ये पुष्कळदा बरोबर असतं. आणि शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं झालं, कारण त्यांच्यासाठी एक अख्खा दिवस माझ्याकडे तयार आहे.

लंडनमध्ये 10 नंबरचं घर म्हटलं की सगळे डाउनिंग स्ट्रीटकडे धावतात आणि लोखंडी फाटकाचा फोटो काढून परत येतात. तुम्ही दुसरी दोन 10 नंबरची घरं बघा. पहिलं 10, हाउली प्लेस. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनपासून जवळच, शांत गल्लीत. 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक इथे राहिले. ज्याने त्यांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ठरवलं त्या पत्रकार चिरोलवर त्यांनी बदनामीचा दावा लावला होता. खटला ते हरले, पदवी मात्र आपण अभिमानाने घेतली. घर खासगी आहे, त्यामुळे भिंतीवरची निळी पाटी वाचायची आणि पुढे निघायचं. बाबा खूश, तिकीट नाही.

दोन पावलांवर लिटल व्हेनिस, म्हणजे कालव्याचा फाटा आणि रंगवलेल्या लांबट बोटी. इथून रीजंट्स कालव्याच्या काठाने कॅम्डेनपर्यंत साधारण चार किलोमीटर चालत जाता येतं. मध्ये एक बोगदा लागतो तिथे काठ संपतो, वरच्या रस्त्याने जाऊन पुन्हा खाली उतरायचं. आईंच्या गुडघ्यांना हे नको. लिटल व्हेनिसहून कॅम्डेनला प्रवासी बोट जाते, तिने जा. फुकट नाही, पण त्या दिवसाचा मोठा खर्च तेवढाच. बोट प्राणिसंग्रहालयाच्या कडेने जाते.

कॅम्डेनहून दुसरं घर जवळ आहे: 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये हे घर विकत घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. आत जायला पैसे नाहीत. वेळ तेवढी आधी बघून ठेवा. इथे घाई करू नका. मी नेलेल्या प्रत्येक पाहुण्याने या घरात ठरवल्यापेक्षा जास्त वेळ काढलाय. शेवटी शेजारच्या प्रिम्रोझ हिलवर हळूहळू चढा, किंवा आईंना खालच्याच बाकावर बसू द्या. वरून सगळं लंडन दिसतं.

हे शनिवारी करा. ऑगस्टच्या त्या रविवारी-सोमवारी नॉटिंग हिलचा कार्निव्हल असतो आणि पश्चिमेकडचे रस्ते बंद होतात, बस वळवतात. कार्निव्हलही फुकटच आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांनी त्या गर्दीत शिरू नये.

फिरण्यासाठी बस. एका फेरीचे 1.75 पौंड, आणि पहिल्या बसमध्ये कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, वेगळे पैसे नाहीत. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर तिघं चढता येत नाहीत, आणि हे ड्रायव्हरसमोर कळलं की मागची रांग फार सभ्यपणे वैतागते. ट्रॅफल्गर चौकातून 15 नंबरची बस सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. 1.75 पौंडांत यापेक्षा चांगली टूर नाही.

आणि बाबा विचारतीलच म्हणून: व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं. ती 2024 मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. म्हणजे तुमचे बाबा ती बघायला लंडनला आले आणि ती तिकडे.

प्रश्न : ताई, आम्ही मँचेस्टरला एमएस्सी करणाऱ्या चौघी. माणशी 50 पौंड, तीन दिवस. हॉस्टेलचे दर बघूनच पोटात गोळा आला. काय करू?

हॉस्टेल घेऊच नका. लाँग वीकेंडला सगळ्यात जास्त पैसे झोपण्यावर जातात, आणि झोपायला तुमची खोली आहे. मँचेस्टर हीच तुमची छावणी. रोज सकाळी निघायचं, रात्री परत.

एक दिवस लिव्हरपूल. तासाभराच्या आत पोचता. चौघींकडे 16-25 रेलकार्ड असेलच. नसेल तर ग्रुपसेव्ह मागा, तीन ते नऊ जणांनी एकत्र गर्दी नसलेल्या वेळेत प्रवास केला की एक तृतीयांश सूट, कार्डाची गरज नाही. शहरात बंदर आणि दोन्ही कॅथीड्रल बघा, होप स्ट्रीटच्या दोन टोकांना आहेत, दोन्हीकडे प्रवेश फुकट. लाल विटकरी अँग्लिकन कॅथीड्रलचा आराखडा ज्याने केला, त्या गाइल्स गिल्बर्ट स्कॉटनेच इथला तो लाल टेलिफोन बूथही घडवला. पण खरी मजा दुपारनंतर. लोकल पकडून क्रॉस्बीला जा. समुद्रकिनाऱ्यावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीने उभे केलेले शंभर लोखंडी पुरुष आहेत, सगळे समुद्राकडे तोंड करून. भरती आली की पुढचे हळूहळू गळ्यापर्यंत बुडतात. ओहोटीला जवळ गेलात की गंज दिसतो, पायांवर कालवांसारख्या शिंपल्यांची खरखरीत पुटं चढलेली दिसतात, आणि एखाद्याला कुणी तरी मफलर गुंडाळून ठेवलेला असतो. फार आत मात्र जाऊ नका, चिखलात पाय रुततो. भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा.

दुसरा दिवस यॉर्क. शहराच्या तटावरून चालणं फुकट, रेल्वे म्युझियम फुकट. तिथे ‘मॅलार्ड’ उभं आहे, 1938 मध्ये ताशी 126 मैल धावलेलं वाफेचं इंजिन. बोरीबंदर-ठाणे गाडीच्या देशातून आलेल्यांनी त्याला हात लावून यावं.

तिसरा दिवस मँचेस्टरमध्येच, पाय दुखत असतील. मँचेस्टर म्युझियममध्ये 2023 पासून साउथ एशिया गॅलरी आहे, आणि विल्मस्लो रोडची करी माइल, म्हणजे आपल्याकडच्या खाण्याच्या हॉटेलांची रांग, तिथून चालत. उरलेले पौंड तिथे उडवा.

प्रश्न : ऑगस्टच्या लाँग वीकेंडला एडिनबराला स्वस्तात कसं राहता येईल?

येणार नाही. ऑगस्टभर तिथे फ्रिंज आणि आंतरराष्ट्रीय असे दोन मोठे कला महोत्सव असतात, आणि सुट्टी संपेपर्यंत घरमालक सोफ्याचंही भाडं घेतात. महोत्सव नको असेल तर मे महिन्यात जा. हवाच असेल तर ग्लासगोला राहा, तिथून ट्रेनने तासाभरात एडिनबरा. स्कॉटरेलने 1 सप्टेंबर 2025 पासून गर्दीच्या वेळेचं चढं भाडंच रद्द केलंय, त्यामुळे सकाळी लवकर निघालात तरी भुर्दंड नाही. रॉयल माइलवरचे रस्त्यावरचे खेळ बघा (टोपीत काहीतरी टाका, तेच त्यांचं पोट), नॅशनल म्युझियम बघा आणि 251 मीटर उंचीच्या आर्थर्स सीटवर चढा. किल्ला बाहेरून. सिंहगड चढलेल्या माणसाने आर्थर्स सीटची धास्ती घेऊ नये, पण वर वारा असा की टोपी सांभाळावी लागते. आणि स्कॉटलंडमध्ये उन्हाळी बँक हॉलिडे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी असतो, शेवटच्या नाही.

प्रश्न : मुलाला लंडन आय, म्हणजे थेम्सकाठचं ते उंच फिरतं चक्र, हवंच आहे आणि आम्हाला बाहेरचं खाणं परवडत नाही. दोन्हीवर उपाय?

खाण्याचं आधी. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी. दही घातलेलं काहीही नको, वर सांगितलंच. रविवारच्या भरवशावर राहू नका: इंग्लंड-वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात. रेस्टॉरंटमध्ये बसलातच तर नळाचं पाणी मागा, ते फुकट मिळतं. बिलात सर्व्हिस चार्ज ऐच्छिक म्हणून लावला असेल तर काढायला सांगता येतो. मला स्वतःला ते सांगायला दहा वर्षं लागली.

लंडन आयऐवजी बिशप्सगेटवरचं होरायझन 22, म्हणजे वरून शहर बघायची गॅलरी. अठ्ठावन्नावा मजला, फुकट, पण आधी आरक्षण लागतं आणि लाँग वीकेंडची भराभर संपतात, म्हणून आजच बघा. नाही मिळालं तर ग्रिनिच. थेम्सच्या उत्तर काठावर आयलंड गार्डन्सला उतरा आणि नदीखालच्या 1902 च्या पादचारी बोगद्यातून पलीकडे चालत जा. 370 मीटर, पांढऱ्या फरशांचा, आणि मुलं ओरडली की आवाज घुमतो. मग टेकडी चढून वेधशाळेपाशी. आत जायला तिकीट आहे, पण छपरावरचा लाल गोळा बाहेरूनच दिसतो. 1833 पासून तो जहाजांना वेळ सांगत आलाय. वारा फार नसेल तर 12:55 ला अर्ध्यापर्यंत चढतो, 12:58 ला टोकाला जातो आणि बरोबर 1 वाजता खाली पडतो. पावणेएकला जागा धरा आणि मोबाइल आधीच सुरू करून ठेवा, तो पडायला जेमतेम काही सेकंद घेतो.