डाव मुद्दाम हरावा का?

प्रश्न : रविवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून बैठे खेळ खेळण्याची आमच्या सासरी जुनी रीत आहे. 2024 मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता, तेव्हापासून सासरे बुद्धिबळाचाच आग्रह धरतात. सात वर्षांचा मुलगा हरला की पट उधळून देतो. सासूबाई म्हणतात, त्याला जिंकू द्यावे. सासऱ्यांना ते मान्य नाही. नववीतली मुलगी तर मोबाइल घेऊन खोलीत निघून जाते. काय करावे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : या वादात आम्ही सासऱ्यांच्या बाजूचे आहोत. सात वर्षांच्या मुलाला आपल्याला लिंबूटिंबू धरले आहे हे लगेच कळते, आणि फुकट मिळालेल्या विजयाची गोडी एकदा लागली की रडीचा डाव अधिकच वाढतो. मात्र आजोबांनी नातवाला दर रविवारी पूर्ण ताकदीनिशी हरवण्यातही काही अर्थ नाही. त्यांनी सर्वांसमक्ष सांगून स्वतःचा वजीर पटावरून काढून ठेवावा आणि मग मन लावून खेळावे. सूट उघड असली की विजय खरा वाटतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पचीसी. 1896 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला ल्यूडो याच खेळावरून बेतलेला आहे, पण ल्यूडोमध्ये सहसा ज्याचा तो खेळतो, तर पचीसीत समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दोघांच्याही सोंगट्या घरात पोहोचल्याशिवाय डाव जिंकता येत नाही. आजोबा आणि नातू यांना भिडू करून पाहा. आपली पुढे गेलेली सोंगटी थांबवून मागे राहिलेल्या भिडूला वाट करून द्यावी की नाही, यावर त्या दोघांची जी कुजबुज चालेल, ती बुद्धिबळाच्या पटावर होणे शक्य नाही. शिवाय कवड्यांचे दान कोणाचेच ऐकत नसल्यामुळे हरल्याचा दोष एकट्याच्या माथी येत नाही. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून वापरता येतात.

मुलीला आग्रह करू नये. महिन्यातला एक रविवार तिच्याकडे सोपवावा, खेळ तिने निवडावा आणि नियमही तिनेच सर्वांना शिकवावेत, आजोबांनासुद्धा.

एवढे करूनही पट उधळला गेला, तर सोंगट्या त्यालाच गोळा करायला लावाव्यात आणि त्या दिवशी पुन्हा डाव मांडू नये.