वाचकांचे प्रश्न: टर्किशमध्ये आनंद मोजायचा तर

प्रश्न: मी सायकॉलॉजीत एमए करतेय. माणूस आनंद कसा अनुभवतो ते मोजणारी टेप्स (TEPS) नावाची इंग्रजी प्रश्नावली टर्किशमध्ये आणायची असा सेमिनारचा विषय घेतलाय, कारण भाऊ इस्तंबूलला नोकरीला आहे आणि त्याला टर्किश छान येतं. तो म्हणतो अठराच तर वाक्यं आहेत, दोन तासात करून देतो. मॅडम म्हणतात तेवढ्याने भागणार नाही. का बरं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे गं. टेप्स २००६ साली अमेरिकेत डेव्हिड गार्ड, अ‍ॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी केली, त्यात दहा वाक्यं पुढे येणाऱ्या सुखाच्या ओढीबद्दल आहेत आणि आठ हातात असलेल्या सुखाबद्दल. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते एक ते सहा यातल्या आकड्यावर खूण करून सांगायचं. हा फरकच तिचा जीव आहे, कारण एखाद्या पेशंटला समोरचा चहा आवडतो पण उद्याच्या कशाचीच ओढ वाटत नाही, असं होऊ शकतं.

आता ही ओढ टर्किशमध्ये कशी म्हणणार? डिक्शनरीत 'दर्त ग्योझ्ले बेक्लेमेक' मिळेल, म्हणजे चार डोळ्यांनी वाट बघणं. अर्थ बरोबर, पण जोर बघ की! आपण मराठीत 'मी चातकासारखी वाट बघते' असं छापलं तर साधी उत्सुक असलेली बाई सहापैकी सहावर खूण करेल का? नाही करणार, मग तिचे मार्क कमी येतील आणि दोष मात्र तिच्या मनाला लागेल. मला हे फार गंभीर वाटतं. दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून घेतलंस तरी वाक्य बरोब्बर मूळ जागी येईल, म्हणजे ही चूक तिथे सापडणारच नाही.

आनंदाला शब्दही तीन, केयिफ, झेव्क आणि हाझ. केयिफ म्हणजे आपलाच कैफ, मूळ अरबी, पण आपल्याकडे त्याची नशा झाली आणि तिकडे निवांत चहा घेत बसणं. हाझ त्यापेक्षा पुस्तकी. कुठल्या वाक्यात कुठला हे भावाने एकट्याने ठरवू नये.

मग वाक्यांतल्या वस्तू. ताज्या बर्फाचं सौंदर्य डोंगराळ, थंड एर्झुरूमच्या माणसाला रोजचं, अंताल्याच्या किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतो. फायरप्लेसमधल्या लाकडांच्या तडतडीऐवजी बऱ्याच घरांत आठवण असते ती सोबाची, म्हणजे लोखंडी शेगडीची. रोलर कोस्टरचं वाक्य तर खेड्यातल्या आजीला विचारून बघ.

आणि एक वाक्य उलटं आहे, हॉटेलात जेवायला जायची मला ओढ नसते असं. टर्किशमध्ये नकार क्रियापदाच्या पोटातच लपतो, 'बेक्लेरिम' म्हणजे वाट बघते, 'बेक्लेमेम' म्हणजे नाही बघत, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतं.

आकडेमोड नंतर, पण ती लागतेच. वाक्यांचे ते दोन गट दोनच राहतात का ते, कुठली वाक्यं एकत्र चालतात हे उत्तरांवरून काढणाऱ्या फॅक्टर अ‍ॅनालिसिसने बघायचं, चिनी भाषेत ते चार निघाले होते. त्याच लोकांना काही आठवड्यांनी परत भरायला देऊन उत्तरं टिकतात का तेही बघायचं.

तू सेमिनारपुरतं एवढं कर. मूळ लेखकांना परवानगीचं मेल टाक, भावाबरोबर अजून एकाला वेगळं भाषांतर करू दे, आणि मग टर्किश मातृभाषा असलेल्या आठ-दहा जणांना एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लावून विचार की तुम्हाला यातून काय समजलं. ते जिथे अडखळतील ती जागा लिहून ठेव.